पूर्वानुभव: आहे / नाही

ईदच्या सुट्टीतला तिसरा दिवस, पहाट.
मस्कतहून दीड तास गाडी चालवत
बिरकत अल मौजला पोचले.
नावाचा अर्थ केळ्यांचं तळं.
तळं दिसलं नाही. केळी होत्या,
खजुरांच्या सावलीत अंग चोरून,
लांबच्या नात्यातल्या पाहुण्यांसारख्या.

तबेल्यातल्या मुलीने फॉर्म दिला.
वजन. (दोन किलो कमी लिहिलं.)
वय. (खरं लिहिलं, एकावन्न.)
पूर्वी घोड्यावर बसला आहात का?
आहे, नाही, यांतल्या एकावर खूण करा.
तिथे पेन थांबलं, ते थांबलंच.

वाटाड्या शंबे, बलुच.
शनिवारी जन्मला म्हणून शंबे, त्यानेच सांगितलं.
मला आमच्याकडचा सोम्या आठवला, मंगळ्या आठवला.
त्याची हिंदी माझ्याहून बरी.
"घोडी म्हातारी आहे, मॅडम. रस्ता तिला माहीत आहे.
तुम्ही नुसतं बसायचं. चालवायला जाऊ नका."
एकोणीस वर्षांत या देशात
इतका सोपा सल्ला मला कुणी दिला नव्हता.

घोडीचं नाव लुबान.
रंगही ऊद जळून गेल्यावरच्या राखेचा.
रिकिबीत पाय घालताना गुडघा कटकन बोलला;
शंबेने न ऐकल्यासारखं केलं.

डोंगर ओळखीचे. याच रांगेतले
रोज लॅबच्या खिडकीतून दिसतात,
रक्ताच्या नळ्या लावता लावता.
वाटायचं, तव्यावरून खरवडून काढलेत कुणी.
जवळून जांभळे निघाले, हिरवट, गंजलेले,
आणि वळणावर एक काटेरी झाड.
शंबे म्हणाला, सिदर.
मी म्हणाले, बोर.
दोघांनी एकेक खाल्लं, वाद मिटला.

फलजच्या कडेने, पाण्याच्या चालीने,
अकराच्या सुमारास मातीच्या पडक्या गावात शिरलो
आणि लुबान थांबली.
एका दारापुढे. दाराला कुलूप, कुलपाला गंज,
दारामागे घरच नाही.
मी लगाम हलवला. "राहू द्या," शंबे म्हणाला,
"इथली बाई तिला खजूर द्यायची.
सहा वर्षं झाली, सोहारला मुलाकडे गेली.
घोडी थांबते. मग आम्हीही थांबतो."
"किती वेळ?"
"खाऊन होईपर्यंत."

थांबलो.
कुणीही न दिलेला खजूर
तिने फार सावकाश खाल्ला.

दस्तुरीपासून माथेरान आम्ही पायीच चढलो होतो.
मी नऊ वर्षांची, पांढरे कॅनव्हासचे बूट
मातीने लाल झालेले.
बाजूने घोडे जायचे, वर टोप्या घातलेली पोरं.
अण्णांनी घोडेवाल्याला भाव विचारला,
खिशातल्या खिशात बोटांनी काही मोजलं
आणि म्हणाले, "नको गं. घोड्याला फार वास येतो."
मी नाक मुरडलं, पूर्ण विश्वासाने.
पुढे कित्येक वर्षं लोकांना सांगत होते,
मला नाही आवडत घोडे. वास येतो.

लुबानच्या मानेवर वाकले.
होता वास. अण्णा अगदीच खोटं बोलले नव्हते.
वाळलेलं गवत, ऊन, चामडं, घाम,
आणि खाली कुठेतरी
खोपोलीच्या कागद-गिरणीतून संध्याकाळी घरी येणारा
खाकी शर्ट.

परतल्यावर शंबेने विचारलं, मजा आली?
म्हटलं, मांड्या माझ्या राहिल्या नाहीत.
तो हसला. घोडीला गाजर दिलं, मला पाण्याची बाटली.
फॉर्मवरची ती जागा कोरीच राहिली,
कुणी विचारलं नाही.

दिवसातून चाळीस वेळा हात धुणारी बाई मी.
दीड तास स्टिअरिंग धरून आले,
कुलूप काढलं, दिवा लावला,
चहाचं आधण ठेवलं,
सवयीने बेसिनपाशी गेले,
नळ सोडला,
बंद केला.