चार हजार हर्ट्झ

कळव्याच्या इस्पितळात माझी खोली
दोन दारांची, भिंतींना फोम.
दुसरं दार लागलं की अख्खं ठाणं बंद.
आज त्या खुर्चीवर बाबा.

नाव : काथोड जोमा मढवी. वय : एकसष्ट.
काम : फिटर, डिझेल रेलकार. निवृत्त.
तक्रार : रकाना कोरा.
तक्रार आईची आहे.
ती म्हणते, आपला टीव्ही सगळी चाळ बघते, नुसत्या कानांनी.

मी सगळ्यांना सांगते तेच सांगते :
टिंग ऐकू आलं की बटण दाबा,
अगदी बारीक असलं तरी.
ते हेडफोन बसवतात,
दोन्ही बोटांनी कड चाचपून,
गॅसकेट बसवल्यासारखा.

अडीचशे. दाबलं.
पाचशे. दाबलं.
हजारला जरा थांबून.
दोन हजारला काचेतून माझ्याकडे बघतात.
मी मान खाली घालते, तसा नियम आहे.
चार हजारला मी आवाज वाढवते,
आणखी वाढवते,
दुसरा कोणी असता तर हेडफोन काढून फेकला असता इतका,
आणि बाबा शांतपणे
माझ्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचत बसतात.

त्या गाडीच्या पहिल्या डब्यात
अर्ध्यात इंजिन असायचं, अर्ध्यात माणसं.
मध्ये पत्र्याची भिंत, कायम कोमट.
माघात निळज्याच्या बायका तिला पाठ लावून बसायच्या,
पायाशी मेथीच्या जुड्या.
कुणाचं पोर फार रडलं तर म्हणायच्या,
दे इकडं, भिंतीला लाव.
झोपायचं.
मीही झोपलेय, दिव्यापासून तळोज्यापर्यंत,
गालाचं हाड थरथरत.

भिंतीपलीकडे बाबा :
हातभर लांब स्क्रू-ड्रायव्हर,
टोक इंजिनावर, मूठ कानामागच्या हाडावर,
डोळे मिटलेले.
बारा सिलिंडर. प्रत्येकाची विचारपूस.
"सातव्याला कफ झालाय," म्हणायचे,
आणि सातव्याचा इंजेक्टर निघायचा काळाठिक्कर.

कानांवर घालायला साहेबांनी पिवळे टोप दिले होते.
आमच्या घरी एकात लसूण असायचा, एकात सुट्टे पैसे.
"ते घातले तर गाडी काय बोलते
ते मना कसा कलणार?"

मग तारा आल्या.
दातिवलीच्या पुढे खांब उभे राहिले,
गाडी बदलली. नवीला धूर नाही, खोकला नाही.
बाबा दिव्याच्या फलाटावर बघायला गेले
आणि ती पाठीमागून येऊन थांबली.
गाडी आली, हे त्यांना सदऱ्याने सांगितलं.
घरी आल्यावर बराच वेळ गप्प.
मग म्हणाले, "हिला तापच येत नाय.
मग बघायची कशी?"

चाचणीत एक जागा असते,
जिथे आम्ही काहीच वाजवत नाही.
माणूस उगाच दाबतो का, ते बघायला.
मी हात यंत्रावरून काढून घेतले.
बाबांनी दाबलं.
पुन्हा दाबलं.
पुन्हा. सारख्या अंतराने.
मी वर बघितलं. डोळे मिटलेले होते,
आणि मधला एक ठोका
ते दर वेळी किंचित उशिरा दाबत होते.

अशा वेळी लिहायचं असतं :
प्रतिसाद भरवशाचा नाही.
मी पेनाचं टोपण लावलं.

मशीन घेऊन दिलंय, डाव्या कानाला.
डबीतून बाहेर येत नाही.
परवा माझ्याकडे जेवायला आले,
जेवता जेवता उठले, ड्रॉवर उघडला,
त्यातल्या त्यात लांब स्क्रू-ड्रायव्हर शोधला
आणि फ्रिजच्या पाठीला लावून उभे राहिले,
हातातला भात वाळेपर्यंत.
"पोरी, याचा बेरिंग चाललाय."
मी म्हटलं, बाबा, हा दिवाळीत घेतलाय, वॉरंटीत आहे.
ऐकू आलं नाही,
की आलं, कोण जाणे.

पंधराव्या दिवशी
सगळं दूध नासलं.