शंभराची गड्डी

प्रेसमध्ये एकतीस वर्षं नोटा मोजल्या.
बोट ओल्या स्पंजवर, नजर कडेवर,
शंभर झाल्या की पट्टी.
म्हणून पावलंही तशीच मोजत निघाले.
पांढऱ्या कुर्त्याला मुद्दाम दोन खिसे शिवून घेतले,
शंभर पावलं झाली
की डावीकडचा एक खडा उजवीकडे.
निरभवणे गुरुजी म्हणाले,
द्रुपदाबाई, ही चारिका आहे की ऑडिट?

जुन्नरच्या लेण्यांतून निघालो तेव्हा सात जण होतो.
दोंदे नवरा-बायको ओतूरहूनच परतले,
सुनेला कळा सुरू झाल्याचा फोन आला.
उरलेल्यांत भंते सगळ्यांत पुढे.
कोतूळपर्यंत मी त्यांच्या टाचा पाहत राहिले.
टाच टेकते, मग चवडा, मग काहीच नाही,
जणू जमिनीला विचारून पुढचं पाऊल.
मी मागे : ब्याऐंशी, त्र्याऐंशी.

राजूरच्या पुढे चढ. गुडघ्याला पट्टा,
माघाच्या थंडीतही पट्ट्यात घाम.
बारीच्या अलीकडे एका ठाकर बाईने हाक मारली,
कुठं निघाल्या गं पांढऱ्या बाया?
बुधवारी झालेली, म्हणून बुधी.
तिने नागलीची भाकर दिली, वर मिरची,
आणि वाट सोडून आत नेलं,
कातळात खोदलेल्या टाक्यापाशी.
कुणी खोदलं, तिला ठाऊक नव्हतं.
पानी हाये ना? मग?
गुरुजी दगडावर हात फिरवत अक्षरं शोधत राहिले.
नव्हती.
मी ओंजळीने प्याले. दात ठणकले.

उठले तेव्हा आठवेना,
एक्केचाळीस की एकसष्ट.
दोन्ही खिशांत खडे.
प्रेसमध्ये एक नोट कमी भरली
तर दारं बंद व्हायची, कुणीच घरी जात नसे.
एकदा रात्री साडेनऊपर्यंत बसवलं होतं,
घरी चार महिन्यांची पोर,
माझं ब्लाउज दुधाने भिजून वाळलं, पुन्हा भिजलं,
आणि नोट सापडली मशीनच्या पायाशी, घडी पडलेली.
इथे कुणी दार लावलं नाही.
डोंगर उघडाच.
बुधी शेळ्यांमागे निघूनही गेली होती.

घोटीनंतर हायवे.
कंटेनर गेला की शाल उडते, तोंडात धूळ.
विल्होळीला एक रिक्षावाला थांबला,
पांडवलेणी ना? बसा, पन्नास द्या.
म्हटलं, माझं नाव द्रुपदा आहे बाबा,
तरी सांगते, पांडव इथे राहायला नव्हते.
त्रिरश्मी म्हण.
तो म्हणाला, बरं, त्रिरश्मीचे चाळीस.
हसलो, आणि चालत गेलो.

पायऱ्या मोजल्या नाहीत.
वर ओसरीत गुरुजींनी चष्मा पुसला,
एकोणीसशे वर्षांपूर्वीच्या ओळी लावून दाखवल्या :
संघाला तीन हजार कार्षापणं,
ठेव विणकरांच्या श्रेणींकडे,
मुद्दल मोडायचं नाही,
व्याजातून वर्षावासातल्या भिक्खूंना चिवर.
म्हटलं, गुरुजी, ही तर एफडी!
देणाऱ्याचं नाव दगडात. त्याच्या सासऱ्याचंही.

पण ती तीन हजार
कुणीतरी चटईवर ओतली असतील ना,
दिव्याशी बसून एकेक सरकवली असतील,
झिजलेली बाजूला, खोटी बाजूला,
अंगठा काळा, मान आखडलेली,
आणि मध्येच कुणी हाक मारली
म्हणून पुन्हा पहिल्यापासून.
त्याचं नाव. किंवा तिचं.
मी ओळींखालून बोट नेत राहिले.
रखवालदार ओरडला, ओ बाई, हात लावू नका.

आत वंदना सुरू झाली.
मी बाहेर, पाण्याच्या पोढीशी बसून
दोन्ही खिसे उलटे केले.
किती निघाले, पाहिलं नाही.
एक खडा तेवढा ठेवला,
बुधीच्या टाक्यावरचा असावा.
नसेलही.