बुरूज क्रमांक सत्तेचाळीस

चुन्याची बादली डाव्या हातात,
उजव्यात कोयती,
खिशात घडी घातलेला नकाशा;
त्यात राष्ट्रीय उद्यान म्हणजे एक हिरवी रेघ,
घामाने पुसट झालेली.

दर मार्गशीर्षात मी हद्दीचे बुरूज मोजते.
चव्वेचाळीस ऐनाखाली, ठीक.
पंचेचाळीस वारुळाने गिळलाय, पण जागेवर.
सेहेचाळीसवर उदमांजर बसून गेलंय,
भेरलीमाडाच्या बिया ठेवून.
सत्तेचाळीस जागेवर होता,
म्हणजे
कुठल्या तरी जागेवर होता.

शेवाळाने सांगितलं आधी.
आमच्याकडे पाऊस समुद्राकडून येतो, तिरका,
दगडाच्या पश्चिमेच्या गालावर मारतो,
चाळीस वर्षं त्याच गालावर.
ह्याचं शेवाळ पूर्वेला.
डोंगराकडे तोंड करून उभा,
शिक्षा झालेल्या पोरासारखा.

बत्तीस पावलं खाली जुना खड्डा सापडला,
ताज्या मातीने बुजवलेला,
वर कारवीची दोन रोपं खोचलेली,
सुकलेली.
बत्तीस पावलांत
जांभ्याची भिंत बसते, गेट बसतं,
'सी व्ह्यू' लिहिलेली पाटी बसते.

पंचनाम्याला दोन पंच लागतात.
सरपंचांना नेमकी कणकण होती.
वासुदेव तांडेल म्हणाला, मॅडम, सरकारचं रान,
कुणाच्या बापाचं काय जातंय?
त्याच्या विहिरीला मेअखेरपर्यंत पाणी असतं.
मी काही बोलले नाही.
त्याच्याच पोहऱ्याने पाणी काढलं
आणि पोट भरून प्याले.

शेवटी कातकरवाडीतून बायजी हिलम आली,
अंगठा पुढे करून.
तुमच्या आधीच्या गार्डान् माझी मोळी घेतलान्, म्हणाली,
कोयताव घेतलान्.
मी शाईचं पॅड उघडून तशीच थांबले.
मोळी नेलान् त्यानं, ती म्हणाली,
रान नाय नेलान्. लाव शाय.

दुसऱ्या पंचाची रेघ कोरी.
दगडाला आज चुना लावला नाही,
चुकीच्या जागेला पांढरं करायचं नसतं
एवढं नोकरीत शिकले.
खड्ड्याभोवती गोल काढला,
उरलेला चुना हातापायांवर,
आणि बादली पालथी घालून बसले.

दोन ककणेर गेले डोक्यावरून,
पंखांचा करवतीसारखा आवाज,
खाडीकडून आत.

अंधार पडता पडता
खालून टॉर्चचा उजेड चढू लागला.
वासुदेव असेल,
किंवा भिंतीचा मुकादम.
मी पेनाचं टोपण काढून ठेवलं.