ओला मका, विचारून

वरचा मजला भाड्यानं दिला तेव्हा
पोलिसांचा फॉर्म घेऊन मीच गेलो, विश्रामबागला.
हवालदारानं विचारलं, देश?
होंडुरास, म्हटलं.
औंधच्या पुढं का, म्हणाला, आणि हसला नाही.
मग नकाशावर बोट ठेवलं त्यानं.
बोट उचललं तेव्हा देश दिसला. एवढासाच.

नवरा ओर्लांडो, कारखान्याच्या डिस्टिलरीवर.
पहाटे बस, रात्री बस, अंगाला मळीचा वास.
बायको यादिरा.
गल्लीनं दोन दिवसांत तिची यादी केली.
यादीताई, सिलिंडर आला.
यादीताई, सोमवारी लाईट नसते.
यादीताई, रिक्षात आधी विचारायचं, मग बसायचं.
ती सगळं वहीत लिहायची.

एक दिवस पानपट्टीवर जाऊन चुना मागितला.
जाफरनं एक पुडी दिली.
अजून, म्हणाली.
पुड्या संपल्या, तरी अजून.
सांजेपर्यंत गल्लीभर झालं, बाई तंबाखू खाती.
आमच्या हिनं तर दात बघितल्याचं सांगितलं.

दुसऱ्या सकाळी ती गिरणीत, हातात पातेलं.
मका. चुन्याच्या पाण्यात शिजवलेला,
सालं सुटलेली, ओला चिंब.
दळून द्या.
मी हात जोडले.
बाई, ओलं दळत नाहीत, दगड चिकटतो,
मग टाकी लावायला मिरजेचा म्हातारा बोलवावा लागतो,
तो आधी चहा पितो, मग दगडाला शिव्या देतो,
मग पैसे सांगतो.
यातलं 'नाही' तेवढं तिला कळलं.
जिना चढून गेली.
वर बराच वेळ पावलं वाजली नाहीत.

मागं पडवीत तिखटाची जुनी गिरणी होती, बंद पडलेली.
तीन दिवस धुतली. पाणी लालच येत राहिलं.
चौथ्या दिवशी म्हटलं, आणा.
पहिला घाणा तांबूस निघाला.
तिनं बोटावर घेऊन चाखला
आणि डोळे भरले.
तिखटाचं असेल, म्हणून मी पट्टा बघत बसलो.

सांजेला वर बोलावलं.
मगदूम दिवस बुडायच्या आत जेवतात,
हेही वहीत होतं.
ओर्लांडो यायचा होता, तरी तवा आधी आमच्यासाठी.
भाकरीच म्हणा, पण तळहाताएवढी.
या हातावरनं त्या हातावर, टाळ्या वाजवल्यागत.
पीठ लावत नाही होय, म्हणत आमची ही खाली बसली,
एक थापली. फुगली.
दातांचा विषय त्यानंतर निघाला नाही.

ऑगस्टात नदी चढली.
आयर्विनला किती, हे तीही विचारायला लागली होती.
छत्तीस, म्हटलं. छत्तिसाला सांगली चहा पीत बसते.
ती मात्र वर जाऊन
पासपोर्ट, वही, लग्नाचा फोटो
प्लॅस्टिकमध्ये बांधून आली.
पिशवी उलटी करून पुन्हा पिशवीत, तोंड पिळून, दोन गाठी.
असली गाठ मी आमच्या आईची बघितलेली.
तिकडंही नदी आहे का, विचारलं.
तिनं भिंतीवर हात ठेवला, स्वतःच्या डोक्यापेक्षा वर.
बस, तेवढंच बोलणं झालं.

गिरणीच्या पाटीवर गहू आहे, ज्वारी आहे, हरभराडाळ आहे,
पुढं दर.
सगळ्यात खाली खडूनं : ओला मका, विचारून.
दर लिहिला नाही, काय लावावा कळेना.
परवा तासगावचा एकजण डबा ठेवता ठेवता म्हणाला,
हे काय नवीन?
म्हटलं, वरच्यांचं आहे.