गेनोवाइतेच्या नावचं कूपन

कूपन गेनोवाइतेच्या नावचं
आणि दारात उभे तुम्ही, रिमगाउदास,
टोपी हातात, बूट पायपुसण्यावर तिसऱ्यांदा घासत.
मी काही विचारलं नाही.
क्लायपेदात असल्या बातमीला वर्तमानपत्र लागत नाही.
"शुक्रवारी मुदत संपतेय," म्हणालात,
"पैसे भरलेले आहेत."
मग ताकाला येऊन भांडं कशाला लपवायचं?
बसा.
नव्हे, आडवे व्हा.

काय होणार ते आधी सांगते, सगळ्यांनाच सांगते.
चेहरा धुईन. ह्याला दूध म्हणतात, पण गाईचं नव्हे.
डोळ्यांवर ओला कापूस.
ह्या नळीतून बारीक स्फटिक सुटतात,
गालावर आपटतात,
आणि तीच नळी त्यांना परत ओढून घेते,
मेलेल्या कातडीसकट.
दुखत नाही. मांजर चाटतं ना, तसं.
खरखरीत जीभ, जरा हट्टी.

"स्फटिक कसले?"
अॅल्युमिनियम ऑक्साइडचे.
कापसाखालीच हसलात तुम्ही.
"किती नंबरचे? दाब किती ठेवता?"

एकतीस वर्षं गोदीत
जहाजांच्या पोटाला तुम्ही हेच केलंत,
हवेची नळी जोडलेलं शिरस्त्राण घालून,
गंज उडवत, शिंपले उडवत,
पोलाद उघडं पडेस्तोवर.
इथे पोलादापर्यंत जायचं नसतं, मी म्हटलं.
इथे नुसती वरची साय.

डाव्या गालावर निळसर ठिपके आहेत,
कुठल्याशा जहाजाचे कण, आत रुतून बसलेले.
ते निघणार नाहीत, खोटं कशाला सांगू.
खोल व्रण, जुने डाग ह्या यंत्राच्या हाताबाहेरचे.
जाहिरातीत हे नसतं,
म्हणून मी तोंडाने सांगते.
"राहू देत. ती मोजायची.
अकरा आहेत."

मी मोजले. बारा भरले.
नळी कपाळाकडे नेली.

नाकाच्या कडेला जरा ओढल्यासारखं होईल, असं म्हणेपर्यंत
तुम्ही घोरत होतात.
ह्या खुर्चीत बायका गाणी ऐकतात, नवऱ्यांबद्दल बोलतात,
एकीने तर घटस्फोटाचा वकील इथूनच ठरवला.
झोपलेले तुम्ही पहिले.

उठा. आता पुढचं ऐका.
चेहरा लाल राहील, उन्हात भाजल्यासारखा,
संध्याकाळपर्यंत, फार तर उद्यापर्यंत.
दाढी उद्या नको.
शनिवारची सौना ह्या वेळी नाही, शेजाऱ्याने कितीही बोलावलं तरी.
आणि हे मलम, बाहेर पडताना, आभाळ भरलेलं असलं तरी.
आपल्याकडचं ऊन लबाड, ढगाआडून चावतं.
वाळूचं तर काय,
खाडीपलीकडे नेरिंगात तिने अख्खी गावं गिळलीत,
तुम्हाला मी काय सांगणार.

तुम्हाला गाळणी बघायची होती.
उघडून दाखवली: चिमूटभर राखाडी पूड.
"एवढीच? आमच्याकडे टनांनी निघायची."
पण बोट लावलं नाहीत,
नुसते वाकून बघत राहिलात,
बराच वेळ, चष्मा न लावता.
"किती जुनी असेल ही?"

कातडी महिन्याभरात आपसूक बदलते,
आम्हाला पहिल्याच आठवड्यात शिकवतात.
गेनोवाइते नोव्हेंबरात गेली. हा एप्रिल.
म्हटलं, माहीत नाही हो,
ते कोण मोजतं.

कार्डावरच्या सहा घरांपैकी एक टोचलं.
मुदतीची तारीख पेनाने खोडली,
वर ऑगस्ट लिहिलं, सही ठोकली.
दुकान माझंच आहे.
आता दोन आठवड्यांनी या. नाव बदलू का?
"कशाला? कार्ड चांगलं आहे."
आणि घडी करून खिशात, वरच्या, बटण लावून.

तुम्ही रस्त्यावर पोचलात तेव्हा
बंदराकडून वारा सुटला होता,
गाल लालभडक, टोपी अजून हातातच.
मलम माझ्या टेबलावर राहिलं होतं.
मी काच वाजवली.