उजव्या अंगाला दोन

कोपरीच्या दर्यानींनी सेट दिला,
पैसे घेतले नाहीत, सूचना दिली:
‘उजव्या अंगाला दोन द्यायच्या, मग रंग येतो.
तिसरी द्यायची नाही. तिसरीला आवाज जातो.’

वीस इंची, लाकडी खोका, सरकती दारं,
त्यातलं एक अजून लाजतं, अर्ध्यातच थांबतं.
रिक्षावाल्यानं मीटरवर चाळीस मागितले,
टीव्हीचे की माझ्या वयाचे, विचारलं नाही.

कळव्याच्या घरात हा चौदावा.
गॅलरीत चार, पलंगाखाली दोन,
देव्हाऱ्याशेजारच्यावर हिनं मनीप्लांट ठेवलाय,
म्हणजे तो आता फर्निचरात जमा.

रात्री मागचं झाकण काढलं.
आधी पिक्चर ट्यूब रिकामी करायची:
एक हात खिशात,
दुसऱ्यात लांब स्क्रूड्रायव्हर, वायर चासीला.
टक्.
पंचवीस हजार व्होल्टची एवढीशी जीभ.
(खिशातला हात काळजासाठी असतो,
वागळे इस्टेटला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं.)

धूळ. झुरळांची अंडी. एक चिंचोका.
आणि झाकणाच्या आत निळा गोल शिक्का:
तपासले. क्र. ३१.

एकतीस मी.

रोड नंबर बावीस, दुसरा मजला, साल चौऱ्याऐंशी,
पट्ट्यावरून दर चार मिनिटांना एक सेट.
माझ्या अलीकडे हेमलता गावंड, डावखुरी.
तिचे सोल्डरचे डाख उलट्या बाजूला झुकायचे.
लगेच ओळखले:
भिजल्या साबुदाण्यासारखे, टपोरे, सुटे सुटे.

तिनंच एकदा ती चपटी डबी दाखवली होती.
‘हिच्यात काच आहे. काचेत मागची ओळ थांबते
पुढची येईस्तोवर.
मागची चुकून हिरव्याकडे जाते, पुढची तांबड्याकडे,
ही दोघींना एकत्र करते,
मग माणसाचा चेहरा माणसाचा दिसतो.’
मी म्हणालो, कारखान्यात असं कुठं होतं?
ती हसली.
संपात ती पुढे होती, मी मागे.
टाळं लागल्यावर आमच्या चुकांची बेरीज कुणी केली नाही.

फॉल्ट सापडायला सव्वा तास.
लाकडी काडीनं एकेक डाख ढोसत गेलो.
तिचा एकही हलला नाही.
हलला तो माझा.
तपासताना मीच बदललेला एक रेझिस्टर,
पायाभोवती केसाएवढी गोल भेग.
कोरडा डाख.
शनिवार असावा.

म्हणजे इतकी वर्षं
एक अख्खं कुटुंब
माझ्या एका शनिवाराला चापट्या मारत होतं.
खोक्याच्या उजव्या अंगाचं पॉलिश गेलंय
तळहाताएवढं,
आणि खाली आणखी एक डाग, लहान,
कुणा पोराच्या उंचीवर.
शेवटच्या ओव्हरला, मालिकेत ऐन लग्न लागताना,
शिव्या तिकडे सिंधीतून,
उचक्या इकडे मला, आणि ही म्हणायची, पाणी पी.

डाख खरवडला. नवा दिला.
समोर हिचा आरसा टेकवला, मागून ठिपके जुळवले:
तांबडा, निळा सरकत सरकत एकमेकांत,
हिरवा जरा हट्टी,
शेवटी पांढरा.
आरशात ठिपके दिसतात. जुळवणारा दिसत नाही.

हवेतून आता याच्यासाठी काही येत नाही.
जनरेटरचे रंगीत पट्टे लावून बसलो,
बातम्या बघाव्यात तसा.
हेमलताला कळवावं म्हटलं,
पण माझ्याकडचा तिचा नंबर सहा आकडी.
सकाळी दर्यानींना केला.
म्हणाले, ‘दोन दिल्या ना?’
म्हणालो, हो.

फोन ठेवून त्या झिजलेल्या जागी हात टेकला,
हलकेच एक दिली.
पट्टे जागच्या जागी.
दुसरी दिली.