अर्धलीचा चढ

पूल वाहून गेल्यापासून
टेक्विनकडे जायला गाडीरस्त्याने एकतीस मैल,
आणि खिंडीतून, मेंढरांच्या वाटेने, सहा.
मी सहा निवडले.
खिशात त्याच्या कानातल्या यंत्राच्या चार बॅटऱ्या,
चपट्या वाटाण्याएवढ्या,
आणि सायकलच्या पोटात एक मोठी, विटेएवढी,
रात्रभर भिंतीतून वीज पिऊन टम्म झालेली.

लोकांना वाटतं ही आपोआप चालते.
नाही चालत.
तुम्ही पायडल मारलं तरच ती मारते,
अर्धलीनं शेत कसणाऱ्या शेजाऱ्यासारखी:
तू उतरलीस तर मी उतरतो,
तू बांधावर बसलीस तर मीही बसलो.
अठ्ठावीस वर्षं या वेल्श खोऱ्यात टपाल वाटलं,
उजवा गुडघा त्यातच गेला. आता तिथे पोलाद आहे.
पोलादाचं आणि मोटारीचं बरं जमतं.

पहिलं फाटक. उघडलं, लावलं.
दुसरं दोरीने बांधलेलं, गाठ हावेलची, डावखुरी;
या भागात गाठीवरून माणूस ओळखतात.
पुढे नुसता स्लेटचा चुरा,
चाकाखाली बशा फुटल्यासारखा आवाज,
दोन्ही बाजूंना गंजलेलं नेचं.
मागचं चाक घसरलं की पोटात खड्डा पडतो,
मग रबर दगडाला चावतं आणि गुरगुरत वर.

मला लाज वाटत नाही.
थोडी वाटते.
मागच्या महिन्यात इथेच धापा टाकणाऱ्या एका पोराला मागे टाकलं.
तो म्हणाला, ही लबाडी आहे.
मी म्हणाले, हो, आणि चष्मासुद्धा.
(जाड भिंगांचा होता त्याचा.)

तिसऱ्या फाटकाशी थंडीने घात केला.
पाच काड्या होत्या, दोन झाल्या,
मग पडदा काळा.
दुकानदाराने बजावलं होतं, हिवाळ्यात हिला घरात ठेवा.
ठेवली होती की, चुलीशेजारी.
पण खिंडीला कुणी घरात ठेवायचं?

चोवीस किलो.
ढकलायला लागल्यावर कळलं
इतके दिवस कुणाचा वाटा किती होता.
दहा पावलं आणि उभी.
सात पावलं आणि उभी.
एक मेंढी रवंथ करत बघत राहिली
कचेरीतल्या कारकुनासारखी,
घाई तिला नव्हती, मला होती.

माथ्यावर वारा. बाकी काही नाही.

आणि उतार सगळा माझा.
उताराला कुणी अर्धलीनं येत नाही.
बोटं ब्रेकवर गोठलेली, दात एकमेकांवर,
पांढरा दगड, काळा चिखल, पांढरा दगड,
मग जो पांढरा वाटला तो दगड नव्हताच:
पुढचं चाक आसापर्यंत दलदलीत,
आणि मी हँडलवरून पलीकडे
शेवाळावर हलकेच मांडली गेले,
कपाटातून काढलेल्या चिनीमातीसारखी.
आधी खिसा चाचपला. चारही होत्या.
मग गुडघा.

टेक्विन दारातच उभा.
ओठ हलवत होता, बहुधा शिव्या.
त्याच्या जाड बोटांना वाटाणा सापडेना,
मीच बसवला.
त्याने मान कलती केली,
खोलीभर काहीतरी शोधत राहिला,
आणि म्हणाला, किती श्वास घेतेस गं तू.

त्याच्या स्वयंपाकघरात प्लग एकच, किटलीचा.
किटली एकदा उकळू दिली, मग तिला हटवलं.
पूर्ण भरायला चार तास.
आईला पुरलं त्या दिवशीही
आम्ही दोघं सलग एवढं बसलो नव्हतो.
तो हावेलच्या कुत्रीबद्दल बोलला, पिल्लांबद्दल,
मी पुलाबद्दल,
मग दोघांकडचंही संपलं.
खिडकीत अंधार आला, चार्जरचा तांबडा ठिपका तसाच.

हे काय घूं घूं करतंय, त्याने विचारलं.
मी म्हटलं, चार्जरचा पंखा.
कधीपासून?
दोन वाजल्यापासून.
तो म्हणाला, मला वाटलं, माझ्याच कानात आहे,
आणि खुर्ची थोडी जवळ ओढली,
पंख्याच्या.